नाल्याकाठचं गवत

घोरपड्यांच्या गोठीला आग लागली त्या दिवशी सूर्याजी जगतापनं मानसिंगरावांचा उजवा हात मोडला, आणि उन्हं कलायच्या आत त्याच गोठीतल्या माणसांनी सूर्याजीच्या तीन बरगड्या मोडल्या. दोन्हीच्या मुळाशी नाल्याकाठचं एकच गवत होतं, आणि ते सूर्याजीनं स्वतःच्या हातानं पेटवलं होतं.

सूर्याजी संस्थानच्या तोफखान्यात जमादार होता. नोकरी संपवून लष्कर नावाच्या शहरातल्या आपल्या घरी आला तेव्हा पन्नाशी उलटली होती, पण अंगातली रग तशीच होती. घरी बसणं त्याला जमेना. बायको शांता म्हणायची, हे घरात असले की भांडीसुद्धा रांगेत उभी राहतात. त्याच सुमारास नया बाजारामागच्या एका बोळात कुणीतरी अंगणात पाचोळा पेटवला, तो तसाच सोडून जेवायला आत गेलं, आणि शेजारच्या घरात एक बाई दोन लेकरांसकट कोंडून जळाली. दार फोडून आत शिरला तो सूर्याजी. आत जे दिसलं ते त्यानं शांतालाही कधी सांगितलं नाही. आठच दिवसांत त्यानं गोठीतली चौदा माणसं जमवली आणि आगीचं पथक उभं केलं.

गोठ म्हणजे दक्षिणेतून आलेल्या एखाद्या सरदाराच्या माणसांची वस्ती. घोरपड्यांच्या गोठीत आता सरदार कुणी उरला नव्हता. कारकून, मास्तर, पेन्शनीत निघालेले शिपाई आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून हिंदी बोलणारे सुतार, तेली, टांगेवाले अशी ती दाट वस्ती होती. बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या घरांचे वासे एकमेकांना टेकायचे. एका अंगाला कोरडा नाला, नाल्याच्या काठाला लाकडाची टाल म्हणजे वखार, आणि टालेपासून लगेच घरं सुरू. सूर्याजी तोफखान्यातला माणूस. ठिणगी कुठून निघाली तर कुठवर जाईल, हे त्याला नुसतं उभं राहून दिसायचं.

दर रविवारी पथकाची कवायत व्हायची. लांब बांबूंना लोखंडी आकडे, ओली गोणपाटं, कुऱ्हाडी, चामडी बादल्या. अर्ज करकरून त्यानं जुन्या कोठारातून हातानं चालवायचा एक बंब मिळवला, आणि त्याच्या आतली फाटकी चामडी स्वतः बसून बदलली. बंबाची नळी धरायला मधु. अनसूयाबाईंचा एकुलता एक, गोरखीकडच्या शाळेत गणित शिकवायचा, अंगानं किरकोळ, पण पाण्याच्या जोरानं नळी हातात सापासारखी उसळायला लागली की तिला मधुच आवरू शके. तो सूर्याजीला काका म्हणे. बाकी माणसांवर संभाजीराव देखरेख करत. ते सूर्याजीपेक्षा दहा वर्षांनी लहान होते, बोलायला कमी आणि कामाला पक्के.

उघड्यावर जाळण्याचा सूर्याजीला मनस्वी राग. उन्हाळ्यात कुणाच्या अंगणातून धूर निघाला की तो न विचारता आत शिरायचा आणि ढीग लाथेनं उधळायचा. रिसाल्यातून निवृत्त झालेले मानसिंगराव त्याचे जुने स्नेही. त्यांचाही शेणगवऱ्यांचा ढीग त्यानं एकदा असाच उधळला. मानसिंगराव हसून म्हणाले होते की तोफा उडवलेला माणूस पाचोळ्याला भितो. सूर्याजी हसला नव्हता.

एकोणीसशे चौतीस सालच्या मे महिन्यात नाल्याकाठचं गवत कमरेच्या वर वाळून उभं होतं. कुणाची विडी पडली तर सगळी टाल जाईल, म्हणून सूर्याजीनं ठरवलं की ते आपणच जाळून टाकायचं. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा थोडं थोडं पेटवायचं आणि कडा ओल्या गोणपाटांनी झोडत जायचं. बेत चुकीचा नव्हता. उजाडता उजाडता पथकानं काम सुरू केलं आणि सात वाजेपर्यंत काठ काळा करून सोडला. शेवटच्या टोकाला बाभळीचं एक जुनं खोड पडलेलं होतं. त्यातून अजून धुराची बारीक रेघ निघत होती. मधुनं काठीनं ते उकरलं.

"काका, खोड आतून लाल आहे," तो म्हणाला. "मी थांबतो इथे. दुपारपर्यंत पाणी घालत राहतो. तुम्ही बंब घेऊन पुढे व्हा."

पण त्याच दिवशी नऊ वाजता फूलबागेत दरबारचे एक बडे अधिकारी बंब बघायला येणार होते. त्यांना काम पसंत पडलं तर पथकाला मान्यता मिळणार होती, गणवेश मिळणार होता, दुसरा बंबही मिळण्यासारखा होता. सूर्याजी सहा महिने या दिवसाची वाट बघत होता, आणि नळीवर मधु नसेल तर पाण्याची धार वाकडीतिकडी जाऊन हसं होईल, हे त्याला माहीत होतं. त्यानं स्वतः तीन बादल्या खोडावर ओतल्या. खोड चरचरलं, वाफ निघाली, धुराची रेघ दिसेनाशी झाली.

"झालं," तो म्हणाला. "आता नुसती राख आहे. चल, तुझ्याशिवाय नळी कोण धरणार?"

तोफेच्या नळीत ठिणगी राहिली तर पुढची बारूद भरणाऱ्याचे हात जातात, हे त्यानं आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. ओल्या फडक्यानं नळी पुसल्याशिवाय त्यानं कधी कुणाला तोफेजवळ जाऊ दिलं नव्हतं. त्या सकाळी खोडात हात घालून बघायला त्याला क्षणभर पुरला असता. त्यानं मिशा पुसल्या, पगडी ठीक केली आणि बंबाला दोर लावायला सांगितलं.

फूलबागेत सगळं मनासारखं झालं. मधुनं सोडलेली धार झाडाच्या शेंड्यावरून पलीकडे गेली. अधिकाऱ्यांनी टाळी वाजवली, सूर्याजीशी हात मिळवला, चहा मागवला. चहा येईपर्यंत लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, सुटली. झाडं एकदम एका बाजूला वाकली, धूळ उठली, आणि सूर्याजीची नजर सवयीनं शहराकडे गेली. नया बाजाराच्या दिशेला, गोठीच्या अंगाला, धूर उठला होता. आधी तो तपकिरी होता, बघता बघता काळा झाला. कुठून आला हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. त्यानं मधुकडे पाहिलं. मधुही त्याच्याकडेच बघत होता. तो वाकून नळी गुंडाळायला लागला.

मैलभर वाट त्यांनी बंब ओढत धावत कापली. दोराच्या घर्षणानं तळहात सोलून निघाले. गोठीच्या तोंडाशी आले तेव्हा समोरून माणसं, बकऱ्या, बिछाने, पेट्या असा लोंढा येत होता. त्याच्यामधून टांग्याचा एक घोडा आयाळ पेटलेल्या अवस्थेत उधळत आला. त्यानं एका म्हाताऱ्याला छातीवर पाय देऊन तुडवलं आणि भिंतीवर डोकं आपटून तो तिथेच कोसळला. संभाजीरावांनी कुऱ्हाडीच्या एका घावात घोड्याला सोडवलं. म्हातारा आधीच गेला होता.

खोडातला विस्तव वाऱ्यानं उडून घसियारा खुमान याच्या गंजींवर पडला होता. खुमान रानातून गवत कापून आणून टांगेवाल्यांना विकायचा. त्याच्या दोन्ही गंजी घटकाभरात गेल्या आणि त्यांच्या जळत्या पेंढ्या लूनं उचलून टालेत टाकल्या. आता टालेतले साल लाकडाचे ओंडके पेटले होते. आगीचा आवाज इतका होता की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागे. टालेला लागून असलेल्या पहिल्या दोन घरांची कौलं फुटून बंदुकीसारखी उडत होती. एक बाई पदर पेटलेला असताना दारातून बाहेर पडली. दोघांनी तिला ओल्या गोणपाटात गुंडाळून जमिनीवर लोळवलं. गोणपाट काढलं तेव्हा त्याच्याबरोबर तिच्या पाठीची कातडीही आली.

सूर्याजीच्या मनात त्या वेळी पश्चात्ताप नव्हता. त्यासाठी जागाच नव्हती. तोफखान्यात गोळे पडायला लागले की जसं डोकं थंड व्हायचं, तसं ते झालं. बंब विहिरीशी लावला, दांड्यावर दोन्ही बाजूंनी चार चार माणसं घातली. मधुला टाल आणि घरं यांच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी उभं केलं. पाणी ओंडक्यांवर टाकायचं नाही, घरांच्या भिंती भिजत्या ठेवायच्या, असं त्याला बजावलं.

"मी सांगेपर्यंत जागा सोडू नकोस," तो म्हणाला.

मधुनं मान डोलावली.

पण लू थांबत नव्हती, आणि एका धारेनं ती आग अडणार नाही हे सूर्याजीला दिसत होतं. बोळ जिथे सगळ्यांत अरुंद होता तिथे मानसिंगरावांचं घर होतं. ते पेटलं की पलीकडे तेलाचे घाणे, आणि त्यामागे साठ-सत्तर घरं. ते पाडलं तर आगीला पुढे जायला काही उरणार नव्हतं. तो आकडेवाले सहा जण घेऊन तिकडे धावला.

मानसिंगराव दारात उभे होते. बायकामुलांना त्यांनी आधीच बाहेर काढलं होतं. हातात त्यांच्या वडिलांचा भाला होता, आणि आकडे बघताच ते काय ते समजले.

"मानसिंगराव, बाजूला व्हा. घर पाडायचंय."

"पेटलंय का ते? पेटलेलं नसताना पाडतोस?"

"पेटल्यावर पाडून काय उपयोग?"

"माझ्या बापानं बांधलंय ते. तू हात लावून बघ."

पथकातल्या एकानं वळचणीला आकडा अडकवला, तसा मानसिंगरावांनी भाला फिरवला. पातं त्याच्या दंडात शिरलं आणि तो किंचाळत मागे पडला. दुसऱ्यांदा त्यांनी भाला मागे खेचला तेव्हा सूर्याजी आत घुसला. दोघांनी एकत्र होळीची पोळी खाल्ली होती, एकमेकांच्या घरी बारशी केली होती. सूर्याजीनं कुऱ्हाड उलटी धरली आणि दांडा सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या उजव्या हातावर मारला. कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज त्याला आगीच्या घोंगाटातही ऐकू आला. मानसिंगराव गुडघ्यांवर बसले. तरी डाव्या हातानं त्यांनी सूर्याजीचा पाय धरला आणि पोटरीचा कडकडून चावा घेतला. दोघांनी त्यांना ओढत बाहेर नेलं. ते शिव्या देत नव्हते. घराकडे बघून नुसते नाही, नाही म्हणत होते.

आढ्यात चार आकडे अडकवून सगळ्यांनी एकदम ओढलं. दुसऱ्या हिसक्याला छप्पर आत बसलं. मग वासे, मग कौलं, मग गोठ्याची गवताची पाखी, जे जळण्यासारखं होतं ते सगळं ओढून ओढून त्यांनी मागे नेलं. पडत्या भिंतीखाली एकाच्या पायाची बोटं गेली. त्यानं पगडी फाडून पायाला बांधली आणि पुन्हा आकडा धरला.

तेवढ्यात टालेकडून मोठा धडाका झाला. जमीन हादरली. सूर्याजी वळला तेव्हा बोळाच्या तोंडाशी ठिणग्यांचा लोट उठला होता, आणि जिथे पाण्याची धार होती तिथे ती नव्हती.

ओंडक्यांची दुमजली उंच थप्पी खालून जळून बोळात कलंडली होती. मधु हलला नव्हता. नळी अजून त्याच्या हातात होती, तिचं तोंड जमिनीकडे वळलं होतं आणि पाणी त्याच्याच अंगाखाली साचत होतं. एक ओंडका त्याच्या कमरेवर होता, दुसरा छातीवर. सूर्याजीनं जळता ओंडका उघड्या हातांनी उचलला. तळहात भाजल्याचं त्याला कळलं नाही. संभाजीरावांनी दुसरा सरकवला. मधुला बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. त्यानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. सूर्याजी कान जवळ नेऊन ऐकत राहिला, पण शब्द आला नाही. थोड्या वेळानं बुडबुडेही थांबले.

विहिरीजवळ कुणाचीतरी बाज पडली होती. तिच्यावर त्याला निजवून सूर्याजीनं वर ओलं गोणपाट टाकलं. संभाजीरावांनी नळी उचलली आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले. आग पाडलेल्या घरापर्यंत आली, उघड्या मातीवर चाचपडली, आणि तिथून पुढे तिला जाता आलं नाही. दोन वाजेपर्यंत ती खाली बसली. अकरा घरं गेली होती. सात माणसं मेली होती.

सूर्याजी विहिरीच्या कठड्याला टेकून बसला. आता हात दुखायला लागले होते, आणि आता डोक्यातही जागा झाली होती. मधु सकाळी काय म्हणाला होता ते त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

नाल्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला तेव्हा त्याला वाटलं, पुन्हा पेटलं. तो उठून गेला. शंभरेक माणसं गोल करून उभी होती, आणि मध्ये खुमान होता. त्याच्या खोपटात चिलीम सापडली होती. आग त्याच्या गंजींपासून सुरू झालेली सगळ्यांनी पाहिली होती, आणि गोठीला तेवढा पुरावा पुरला. कुणी काठीनं, कुणी जळक्या वाशानं, कुणी नुसत्या लाथांनी त्याला मारत होतं. मानसिंगराव मोडका हात छातीशी धरून डाव्या हातातल्या वेतानं त्याच्या तोंडावर फटके ओढत होते. खुमानचा एक डोळा बाहेर आला होता. तो दोन्ही हातांनी डोकं झाकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हमने नहीं लगाई, दाऊ. हमारा तो सब जल गया." एका तेल्यानं दोराचा फास करून आणला होता आणि तो नाल्यावरच्या कडुलिंबाकडे बघत होता.

सूर्याजी गर्दीच्या कडेला उभा राहिला. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. ज्यांनी बघितलं त्यांनी वाट करून दिली, कारण त्याचे भाजलेले हात सगळ्यांना दिसत होते, आणि उरलेली गोठ त्यानंच वाचवली हेही सगळ्यांना माहीत होतं. पहाटे गवत जाळताना पथकाशिवाय कुणी तिथे नव्हतं. पथकातलं कुणी त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार नव्हतं. घसियारा मेला तर चौकशीही फार होणार नव्हती. हे सगळं त्याच्या मनात आलं. किती वेळ तो तसा उभा होता हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पण तेवढ्या वेळात खुमानला आणखी बरेच तडाखे बसले, आणि ते त्यानं मोजले असते तर बरं झालं असतं असं त्याला नंतर वाटायचं.

मग तो आत शिरला, खुमानवर आडवा झाला आणि म्हणाला की आग यानं लावलेली नाही.

लोक थांबले. मानसिंगरावांनी विचारलं, मग कुणी लावली?

"मी," सूर्याजी म्हणाला. "पहाटे नाल्याकाठचं गवत मी जाळलं. बाभळीच्या खोडात विस्तव राहिला होता. मला माहीत होता. बंब दाखवायची घाई होती म्हणून मी तसाच सोडून गेलो."

क्षणभर कुणाला ते खरंच वाटलं नाही. एकानं म्हटलंही, की जमादारसाहेब, याला वाचवायला असं कशाला बोलता. सूर्याजीनं पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी खोड कुठे पडलंय तेही सांगितलं. दोघे जण जाऊन बघून आले. खोडाच्या जागी नुसता खळगा होता आणि त्यातून अजून धूर येत होता.

पहिला फटका मानसिंगरावांचा. वेत सूर्याजीच्या कानशिलावर फुटला. मग बाकीचे तुटून पडले. खुमानला मारताना लोकांना थोडा तरी विचार करावा लागत असेल, इथे तोही राहिला नाही. हा आपला माणूस होता, यानंच वर्षानुवर्षं त्यांच्या अंगणातले ढीग उधळले होते, यानंच मान वर करून त्यांना शहाणपण शिकवलं होतं. सूर्याजीनं हात वर केले नाहीत. काठी बरगड्यांवर बसली तेव्हा त्याचा श्वास कोंडला, तोंडात दात सैल झालेले जिभेला लागले, कुणाची तरी टाच त्याच्या भाजलेल्या तळहातावर पडली आणि गोल फिरली. तेल्याच्या हातातला फास आता त्याच्या गळ्यात आला. संभाजीराव आणि पथकातले चौघे धक्के देत आत यायला बघत होते, पण गर्दी त्यांना येऊ देत नव्हती.

गर्दी फुटली ती अनसूयाबाईंमुळे. त्या नातेवाइकांकडे जनकगंजात गेल्या होत्या, आगीची बातमी ऐकून धावत आल्या होत्या. पदर सुटलेला, पाय अनवाणी. लोकांनी त्यांना बघितलं आणि एकेक जण मागे सरकला. कारण विहिरीजवळच्या बाजेवर कोण आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्या सरळ सूर्याजीपाशी आल्या. त्याच्या गळ्यातला दोर, तोंडातलं रक्त त्यांना दिसलं असेल, पण त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

"सूर्याजीभाऊ, मधु कुठे आहे? सकाळी तुमच्याबरोबर गेला होता."

मानसिंगरावांनी मान फिरवली. सूर्याजी कोपरावर रेटा देऊन बसता झाला.

"वहिनी, मधु गेला," तो म्हणाला. "टालेतले ओंडके अंगावर पडले. मी त्याला तिथे उभं केलं होतं. आणि आग माझ्यामुळे लागली. सकाळी तो म्हणत होता, विस्तव आहे, मी थांबतो. मी थांबू दिलं नाही."

अनसूयाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना ऐकू आलं की नाही असं लोकांना वाटलं. मग त्यांनी विचारलं की तो ठेवलाय कुठे. संभाजीरावांनी त्यांना हाताला धरून विहिरीकडे नेलं. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला. तो आवाज ऐकला आणि तेल्यानं स्वतःच वाकून सूर्याजीच्या गळ्यातला फास काढला, आणि माणसं एकेक करून पांगली.

शांतानं त्याला घरी नेलं. हातांना लोणी लावताना ती फक्त एवढं म्हणाली की कचेरीत जाऊन हेच सांगायचं, यातलं काही कमी करायचं नाही.

चौकशीत त्यानं काही कमी केलं नाही. मानसिंगरावांची साक्ष झाली. हात झोळीत घालून ते उभे राहिले आणि म्हणाले की माझं घर पाडलं ते बरोबर पाडलं, नाही तर गोठीत आज एक भिंत उरली नसती. आणि त्याच दमात म्हणाले की या माणसाला फाशी द्यावी. फाशी झाली नाही. दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्याला गालिचे विणायला बसवायचा विचार होता, पण बोटं वळत नव्हती, म्हणून लोकर निवडायला दिली. अनसूयाबाई भावाकडे उज्जैनला निघून गेल्या. पथक संभाजीरावांनी चालू ठेवलं आणि त्यात एक नियम घातला. काहीही जाळलं तर त्याच्या राखेत उघडा हात घालून शंभर अंक मोजल्याशिवाय कुणी तिथून हलायचं नाही. मानसिंगरावांनी त्याच जागी पुन्हा घर बांधलं. हात वाकडाच जुळला. ते पुढे सूर्याजीशी कधी बोलले नाहीत.

सुटून आल्यावर सूर्याजी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घरात होता. मग एका सकाळी तो चालत निघाला. खुमान बरा झाल्यावर आपल्या गावी, भिंडच्या वाटेवर गेला असं कळलं होतं. दोन दिवस विचारत विचारत तो पोचला तेव्हा खुमान कडुलिंबाखाली दोर वळत बसला होता. एका डोळ्याच्या जागी खळी होती, आणि डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. त्यानं सूर्याजीला आवाजावरून ओळखलं.

सूर्याजीनं वाटेत पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. ते काही आलं नाही. मला माफ कर असंही त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला की मी गर्दीच्या कडेला उभा होतो. ज्या वेळी तुला मारत होते त्या वेळी मी आलो होतो, आणि लगेच बोललो नाही. कचेरीत सगळं सांगितलं, पण हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

खुमान दोर वळत राहिला. त्यातला पीळ संपला तेव्हा त्यानं टोक दातात धरून गाठ मारली.

"न बोलते तो हम मर जाते," तो म्हणाला. "जल्दी बोल देते तो आँख बच जाती. हम दोनों बात जानते हैं, जमादार. इसमें अब क्या कहें."

सूर्याजी उठायला लागला. खुमाननं हातानं त्याला खाली बसवलं. सावलीबाहेर लू चालली होती, अशा उन्हात दोन कोसांवर माणूस पडतो, असं तो म्हणाला. घरातून त्याच्या बायकोनं सातूचं पीठ कालवून आणलं. दोघांनी ते खाल्लं. मग खुमाननं दोराचं एक टोक सूर्याजीच्या हातात दिलं आणि ताणून धरायला सांगितलं. सूर्याजीची बोटं मिटत नव्हती, म्हणून त्यानं दोर मनगटाला गुंडाळला. उन्हं उतरेपर्यंत एक जण पीळ भरत होता आणि एक जण धरून होता.